भिलार, चिठ्ठ्यांचा डबा आणि जुलैतली स्ट्रॉबेरी

मला घाट लागतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पसरणी घाटाचं वर्णन या लेखात शोधाल तर मिळणार नाही, मी तो सगळा डोळे मिटून, तोंडात आवळासुपारी धरून पार केलाय. स्वारगेटहून सकाळची महाबळेश्वर एसटी पकडली, खंबाटकीपर्यंत बरी होते, सुरूर फाट्याला बस वाईकडे वळली तेव्हाही ठीक होतं, वाई सोडल्यावर मात्र खिडकीची सीट आणि मी असा दोघींचाच संसार. शेजारी एक आजोबा होते, ते दर वळणाला "आता झालंच हां" म्हणायचे. झालं नव्हतं.

तर निघाले होते भिलारला. पुस्तकांचं गाव. मुलांसाठी कादंबऱ्या लिहिते म्हणून एका शाळेतल्या सरांनी फोन केला होता, की आमची पाचवी ते सातवीची पोरं तिथं आणतोय, तुम्ही या, भाषण नको, फक्त प्रश्नांची उत्तरं द्या. भाषण नको म्हणणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला, त्यामुळे घाट असूनही हो म्हणून बसले.

पाचगणी मागं टाकली की महाबळेश्वरच्या रस्त्यावरून थोडं पुढं जाऊन आत वळायचं. फेब्रुवारी होता, दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीचे गादीवाफे, त्यावर माती झाकणारा मल्चिंगचा पेपर, त्यातून डोकं काढलेली झुडपं आणि खाली लोंबणारी लाल फळं. मी मनात म्हटलं वा, माझ्या कादंबरीतलं शेत अगदी असंच आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं माझी फजिती याच शेतात होणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ४ मे २०१७ ला हे पुस्तकांचं गाव सुरू झालं, राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकारानं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून घेतलेली, पण तिथं जुन्या पुस्तकांची दुकानंच दुकानं आहेत आणि इथं विक्री हा प्रकारच नाही. सुरुवात केली तेव्हा पंचवीसेक ठिकाणं आणि पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं होती. ठिकाणं म्हणजे लोकांची राहती घरं, लॉज, देऊळ, शाळा. एका घरात कविता, दुसऱ्यात चरित्रं, कुठं संतसाहित्य, कुठं इतिहास. तुम्ही चक्क अनोळखी माणसाच्या घरात शिरायचं, कपाटातलं पुस्तक काढायचं, खुर्चीत बसायचं आणि वाचायचं. कुणी काही विचारत नाही. मी एका घरात गेले तर आतून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या आणि बाहेरच्या खोलीत कॉलेजातला एक मुलगा जाडजूड कादंबरी घेऊन असा बसला होता की मी आलेली त्याला कळलंच नाही. माझं पुस्तक कुणी असं वाचत असेल का, हा प्रश्न अशा वेळी हमखास येतो, आला.

मुलं एका अंगणात सतरंजीवर बसली होती, साठेक असतील. पुढं प्लॅस्टिकचा डबा. सरांनी हुशारी केली होती, सगळ्यांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या होत्या आणि नाव घालायचं नाही असं बजावलं होतं. नाव नसलं की माणूस खरं विचारतो, मोठा असो की लहान.

पहिल्या दोन-तीन चिठ्ठ्या सभ्य निघाल्या. रोज किती पानं लिहिता? हातानं दोन, त्यातलं एक दुसऱ्या दिवशी जातं. चित्रं तुम्हीच काढता का? नाही, आणि गंमत म्हणजे चित्रकार आणि मी पुस्तक छापून होईपर्यंत भेटलोच नव्हतो, मी लिहिलं होतं की माझ्या कादंबरीतल्या दिन्याचं टक्कल केलंय, चित्रात त्याचे छान कुरळे केस आहेत. यावर एक मुलगा म्हणाला, "मग टोप घातला असंल." पाच वर्षं मला हे उत्तर सुचलं नव्हतं.

मग आली ती चिठ्ठी. अक्षर मोठं, वहीचं पान आडवं फाडलेलं: "तुमच्या पुस्तकात मोठी माणसं एवढी बिनडोक का असतात?"

सर कसनुसे झाले. मला मात्र हाच प्रश्न हवा होता कारण तो अगदी धंद्यातला आहे. मी म्हटलं, बघा, दिन्या आणि त्याच्या मित्रांना शेतात चोराच्या पायाचे ठसे दिसतात, आता त्यांनी घरी जाऊन बाबांना सांगितलं आणि बाबांनी पोलीस पाटलाला सांगितलं तर पुस्तक कितव्या पानावर संपेल? "दहाव्या!" कुणीतरी ओरडलं. म्हणून मुलांच्या गोष्टीत पहिलं काम असतं मोठ्यांना बाजूला करायचं. कुणाचे बाबा कामानिमित्त परगावी असतात, आजीला दुपारी झोप लागते, काकांना खरं वाटत नाही. मी सोपा मार्ग घेतला, त्यांना बिनडोक केलं. खरं तर हा आळस आहे. मोठी माणसं हुशार असून, प्रेमळ असूनसुद्धा मुलांच्या उपयोगी पडत नाहीत, अशी वेळ आणता आली पाहिजे, ते अवघड आहे, ते मला अजून नीट जमत नाही. हे मी त्यांच्यासमोर कबूल केलं आणि कुणालाही धक्का बसला नाही.

त्याला जोडूनच मोबाइलचा प्रश्न आला, की दिन्याकडे फोन का नाही. अहो, मोबाइल हा रहस्यकथेचा शत्रू आहे! हरवलेली मुलं हरवतच नाहीत, लोकेशन पाठवतात. आम्ही लिहिणारे मग तो पाण्यात पाडतो, बॅटरी संपवतो, रेंज घालवतो. "आमच्याकडं मधूनच जाती रेंज," मागून आवाज आला, "ते खरं वाटंल." घ्या. मी एका पुस्तकात फोन विहिरीत पाडण्यासाठी चार पानं खर्च केली होती.

पैशांचा प्रश्न येणारच होता. किती मिळतात? सरांनी चिठ्ठी परत डब्यात टाकायचा प्रयत्न केला, मी काढून घेतली. लेखकाला छापील किमतीच्या साधारण दहा टक्के मिळतात असं सांगितलं, तेही प्रत विकली गेली तर. पुढच्या रांगेतल्या एका मुलानं डोळे मिटून हिशेब केला, हळूच शेजारच्याला काहीतरी सांगितलं आणि दोघांनी माझ्याकडे जी दयेची नजर टाकली ती मी घरी घेऊन आलेय.

एक चिठ्ठी अगदी बारीक घडी घातलेली. "पुस्तक बोर झालं तर मधेच सोडलं तर चालतं का?" चालतं, मी म्हटलं, मीपण सोडते, पुस्तक काही परीक्षा नाही. मग चावटपणा सुचला आणि विचारलं, कुठलं सोडलं, माझंच का? शांतता. मग तिसऱ्या रांगेतला एक चष्मेवाला, मान खाली घालून, "पान सदतीस."

सदतीस पानावर किल्ल्याचं वर्णन आहे. अडीच पानं. मला ते फार आवडतं, मी ते अकरा वेळा लिहिलंय. आणखी कुणी तिथं थांबलं का विचारलं तर सात हात वर आले, आठवा अर्धा. त्यांना विचारलं की का थांबलात तर चष्मेवाला म्हणाला, "चोर पळालेला असतो ना, आणि तुम्ही बुरूज सांगत बसता." मी घरी पुस्तक उघडून बघितलं. चोर छत्तिसाव्या पानाच्या शेवटच्या ओळीत पळतो. कार्टं शंभर टक्के बरोबर आहे.

लेखक व्हायला काय करायचं, हेही आलं. या प्रश्नाला मी घाबरते कारण त्याचं उत्तर कंटाळवाणं आहे: जे सुरू केलंय ते संपवायचं, वाईट झालं तरी. सुरुवाती माझ्याकडे पन्नास पडल्यात, शेवट चार आहेत, आणि पुस्तकं पण चारच आहेत. आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं, जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य चुकलेलं असतं. एवढंच. याहून मोठं गुपित असतं तर मीच नसतं का वापरलं.

डबा संपत आला तेव्हा एक मुलगी उठून उभी राहिली. दोन वेण्या, सहावीतली असावी. म्हणाली, मी चिठ्ठी टाकली नाही, मला तोंडानंच विचारायचंय. विचार की.

"मॅडम, तुमच्या पुस्तकात शाळा सुरू होऊन महिना झालेला असतो, धो धो पाऊस असतो, आणि चोर स्ट्रॉबेरी चोरतो."

हो.

"जुलैत कुठं असती स्ट्रॉबेरी?"

सगळं अंगण हसलं. अख्ख्या अंगणाला माहीत होतं! एकालाही नवल वाटलं नाही, म्हणजे सगळ्यांनी ते वाचताना ओळखलं होतं आणि पाहुण्या बाई म्हणून सोडून दिलं होतं. मी ते पुस्तक लिहिलं तेव्हा काय झालं होतं तर मी एकदा सुट्टीत या भागात आले होते, शेत बघितलं, ते डोक्यात बसलं. पुढं कथेला चिखलात उमटलेले ठसे पाहिजेत म्हणून पाऊस आणला, पाऊस आणला म्हणून जुलै आला, आणि फळं तशीच लटकत राहिली. संपादकांनी वाचलं, मुद्रितशोधकांनी वेलांट्या तपासल्या, दोन आवृत्त्या निघाल्या. कुणाच्याही लक्षात आलं नाही.

म्हटलं, मग जुलैत काय असतं ते तूच सांग. ती सांगायला लागली आणि मी वही काढली. जूनच्या सुमाराला मदर येतात, मदर म्हणजे आईरोपं, बाहेरच्या देशातून आणलेली. ती नर्सरीत लावायची. तिला पावसाळ्यात रनर सुटतात, म्हणजे लांब दोऱ्यासारखे फुटवे, त्याच्या टोकाला बाळरोप येतं, ते मातीच्या पिशवीत टेकवायचं, मूळ धरलं की दोरा कापायचा. सांगताना तिनं एका हाताची मूठ म्हणजे मदर केली आणि दुसऱ्या हाताचं बोट त्यातून लांब नेऊन सतरंजीवर टेकवलं, आणि मग दोन बोटांची कात्री करून कच्चकन कापलं. वर पाऊस फार म्हणून काही जण नर्सरी खाली वाईकडे करतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात ती रोपं वाफ्यावर, आणि फळ थंडीत. "पिशव्या भरायला आम्ही पण असतो," ती म्हणाली, "नखात माती जाती."

मी म्हटलं, बरं बाई, चुकले, आता महिना बदलू की फळ? महिना बदलला तर पाऊस जातो, ठसे जातात, गोष्टच जाते. जांभळं करू का?

यावर पोरांची जी चर्चा सुरू झाली तिच्यात मला कुणी घेतलंच नाही. जांभळं कोण चोरतंय, ती तर खाली पडतात. मका? कणसाला उशीर आहे. कोंबडी? "कोंबडी ओरडती." शेवटी ती वेण्यावालीच म्हणाली, फळ कशाला चोरायचं, मदर चोरायच्या. फळ चोरलं तर चोर खाऊन टाकंल, संपलं. रोप खाता येत नाही. ते कुठंतरी लावायलाच लागणार. मग शोधायचं कुणाच्या नर्सरीत एकदम जास्त रोपं आलीत. आणि मदर गेल्या म्हणजे त्या माणसाचं पूर्ण वर्ष गेलं, म्हणून ती पोरं शोधतात, नाहीतर चार फळांसाठी रात्रीची कोण जाईल?

मी काही बोललेच नाही. तिसऱ्या आवृत्तीची बोलणी चालू होती आणि सगळ्या पुस्तकाचा जो लंगडा पाय होता, की ही मुलं एवढा जीव का धोक्यात घालतात, तो तिनं सतरंजीवर उभ्या उभ्या सरळ करून दिला होता. पावसाला धक्का नाही, ठशांना नाही, वर शोधायला नवीन वाट.

निघताना तिला म्हटलं, नव्या आवृत्तीत आभारात तुझं नाव घालते हं.

"आभार कोण वाचतंय," ती म्हणाली. "चोराला द्या माझं नाव."

परतीच्या बसमध्ये प्रकाशकांना फोन लावला की तिसरी आवृत्ती थांबवा, काय झालं म्हणाले, म्हटलं चोर बदलतोय, आता मुलगी आहे, दोन वेण्या आहेत. पुढं काहीतरी विचारत होते ते, पण घाट सुरू झाला आणि रेंज गेली.