टाकी नाही

काल रात्री ऑस्ट्रेलियातल्या निंगालूहून बोटवाल्यांचा मेल आला. काय काय आणायचं, बोट किती वाजता सुटते, सगळं व्यवस्थित लिहिलंय, आणि मधेच एक ओळ, व्हेल शार्कसोबत फक्त स्नॉर्कल, म्हणजे तोंडात नळी धरून वरच तरंगायचं, हवेची टाकी लावून खाली जायच्या स्कूबाला परवानगी नाही. त्याच्यापुढचं मी धड वाचलंच नाही. नियम आधी कुठेतरी वाचला होता, पण आपल्या नावाने आलेल्या मेलमध्ये तो वाचणं वेगळंच. तेव्हापासून काहीतरी अडकलंय आत, राग म्हणावा तर राग नाही.

मी डायव्हिंग शिकले ते याच माशासाठी ना. उजवा कान मोकळा व्हायचा नाही, चार-पाच मीटरवर गेलं की कोणीतरी आत सुई घालतंय असं व्हायचं, मग थोडं वर यायचं, नाक दाबून हळूच फुंकायचं, कानात चुर्रर्र झालं की परत खाली. पाण्याखाली मास्क पूर्ण काढून परत घालायचा तो भाग तर... जाऊ दे. एवढं सगळं केलं आणि आता त्याच्यासमोर जायची वेळ आली की टाकी बोटीवर ठेवून जायचं.

दादा म्हणाला मग दुसरीकडे बघ. बघितलं की, रात्री दीडपर्यंत तेच बघत बसले. फिलिपिन्समध्ये ओस्लोबला टाकी लावून जाता येतं आणि मासा दिसतोच, पण दिसतो कारण 2011 पासून तिथे पर्यटकांसाठी बोटीतून त्याला बारीक कोळंबी टाकतात. एक व्हिडिओ लावला, एवढा मोठा प्राणी बोटीच्या कडेला तोंड उघडून पाण्यात उभा, घास पडायची वाट बघत, मी अर्ध्यात बंद केला. त्याच देशात डोन्सोलला खायला घालत नाहीत, पण तिथेही स्नॉर्कलच. गालापागोसला डार्विन बेटापाशी टाकी लावूनच उतरतात, जून ते नोव्हेंबर प्रचंड मोठ्या माद्या येतात तिथे, पण तो करंट, ते थंड पाणी, माझं लॉगबुक, म्हणजे आजवरच्या डाइव्हची नोंदवही, बघून कोणी नेणार नाही आणि नेऊही नये. थायलंडमधला रिचेल्यू रॉक राहिला, तिथे आला तर आला, नाहीतर नाही.

म्हणजे फिरून फिरून तेच, टाकी नाही. आणि टाकी नाही म्हणजे मी वरून बघणार, हेच खुपतंय. मला खाली जायचं होतं, तो ज्या पाण्यात आहे त्याच पाण्यात, घाई न करता श्वास घेत, त्याने जाता जाता मला तिथलंच काहीतरी समजावं एवढंच. वर तरंगत, तोंडात नळी धरून, दहा जणांच्या घोळक्यात... आईला हे सांगायला गेले तर ती म्हणाली दिसणार आहे ना शेवटी? दिसणार आहे गं. पण दिसणं आणि सोबत असणं... तिला काय सांगू, तिने मागच्या वर्षीपासून जे काही बघितलंय त्यापुढे हे काहीच नाही.

आज दुपारी तो मेल परत काढला, या वेळी शेवटपर्यंत वाचला. विमान वरून मासा शोधणार, बोट त्याच्या वाटेवर पुढे जाऊन थांबणार, एका वेळी पाण्यात जास्तीत जास्त दहा जण, अंगापासून तीन मीटर लांब, शेपटीपासून चार, हात लावायचा नाही, फ्लॅश नाही. 2016 पासून तो आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संस्थेच्या संकटग्रस्त यादीत आहे, त्यामुळे यातला एकही नियम मला जाचक वाटत नाही, टाकीचासुद्धा, हे कालपासून पहिल्यांदाच मनापासून लिहितेय.

आणि वर यायचं त्याच्याकडेही कारण आहेच की. मार्च-एप्रिलमध्ये पौर्णिमेनंतरच्या काही रात्री तिथली प्रवाळं अंडी सोडतात, त्या सुमाराला पाण्यात खाण्याची चंगळ असते, म्हणून तो किनाऱ्याजवळ, वरच्या पाण्यात येतो. उरलेल्या वेळात कुठे असतो? टॅग लावलेले व्हेल शार्क 1900 मीटरपेक्षा खोल गेल्याची नोंद आहे. माझं ओपन वॉटरचं, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या पायरीचं कार्ड 18 मीटरपर्यंतचं. मी अठरा मीटर खाली असले काय आणि वर तरंगत असले काय, त्याच्या हिशोबाने दोन्ही वरच. हे वाचून वाईट वाटायला हवं होतं, पण उलट छातीतलं ओझं उतरल्यासारखं झालं, का ते नीट सांगता येत नाहीये.

शिवाय कल्ल्यांच्या मागे, डाव्या बाजूला जे ठिपके असतात ते प्रत्येकाचे वेगळे, त्यावरून एकेक मासा ओळखतात, आणि आकाशातले तारे जुळवायला केलेली गणिताची पद्धत त्यासाठी वापरतात. साध्या पर्यटकाने काढलेला फोटोही चालतो. म्हणजे मला डाव्या बाजूला राहायला जमलं पाहिजे. तो निवांत चाललाय असं वाटतं, पण शेपटीच्या दोन फटक्यांत माणूस मागे पडतो म्हणे, आणि माझे पाय दहा मिनिटांत भरून येतात.

मेलला हो कळवलंय. टाकीचे डाइव्ह रीफवर आधीच्या दिवसांत करायचे, टाकीचा शेवटचा डाइव्ह आणि परतीचं विमान यात अठरा तास सुटले पाहिजेत, म्हणून व्हेल शार्कचा दिवस शेवटी ठेवला, तो नाहीतर रिकामाच गेला असता. दादाला अजून सांगितलं नाहीये. उद्यापासून फिन्स घालून पोहायला जायचं, आधी पाय, मग श्वास.