खड्डा क्रमांक ३

आमच्या व्यवसायात आराखडा आधी तयार होतो आणि जमीन नंतर तपासली जाते. हा क्रम उलटा आहे हे आम्ही सगळेच जाणतो, पण त्याची किंमत किती असू शकते, हे मला मे महिन्यातील एका मंगळवारी समजले. सकाळी साडेसहाला मी सोलापुरातील एका बंद पडलेल्या कापड गिरणीच्या आवारात पोहोचले, तेव्हा हातातल्या नकाशावर त्या जागेचे भवितव्य, म्हणजे तेथे होणारे औद्योगिक उद्यान, चार रंगांत रंगवून झाले होते. पाच अक्षांवर चालणाऱ्या सीएनसी, म्हणजे संगणक-नियंत्रित, यंत्रांचे दालन निळे, अचूक मोजमापाची प्रयोगशाळा हिरवी, थ्रीडी प्रिंटिंगचा विभाग नारिंगी आणि प्रशिक्षण केंद्र पिवळे. निळे दालन रस्त्याच्या बाजूला दर्शनी ठेवले होते, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसले पाहिजे, असा ते आखणाऱ्यांचा आग्रह होता. माझे काम एवढेच होते की, जमिनीखाली काय आहे ते पाहून पायाचा अहवाल द्यायचा.

या प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत इंग्लंडमधील शेफिल्डजवळच्या ऑरग्रीव्हची चित्रे नमुना म्हणून दाखवण्यात आली होती. तेथे दगडी कोळशापासून कोक तयार करण्याचा कारखाना होता. १८ जून १९८४ रोजी खाण कामगारांच्या संपात पोलिस आणि कामगार यांच्यात मोठी चकमक झाली, ती याच कारखान्याबाहेर. पुढे कारखाना बंद झाला आणि २००१ मध्ये शेफिल्ड विद्यापीठ व बोईंग यांनी एकत्र येऊन स्थापन केलेले प्रगत उत्पादन संशोधन केंद्र कालांतराने त्या परिसरात उभे राहिले. चित्रे सुंदर होती, पण एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना मधली बरीच वर्षे गळून पडली होती. त्या वर्षांत डांबराने नासलेली माती हलवली गेली, खाली उरलेला कोळसा उघड्या खाणीतून काढला गेला आणि खड्डे भरून जमीन पुन्हा बसवली गेली. हे मी बैठकीत बोलले, त्यावर सर्वांनी मान डोलावली आणि पुढचे चित्र लावले.

सोलापूरला गिरण्यांचा इतिहास सांगावा लागत नाही. १८७७ मध्ये सुरू झालेली आणि आजही ‘जुनी मिल’ म्हणूनच ओळखली जाणारी गिरणी १९४९ मध्ये बंद पडली. सरकारने जानेवारी १९५० मध्ये अध्यादेश काढून तिचा कारभार हाती घेतला आणि त्यावरून सर्वोच्च न्यायालयात मालमत्तेच्या हक्काचे जे खटले उभे राहिले, ते आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना अभ्यासावे लागतात. मात्र भागधारकांच्या हक्कांची एवढी कागदपत्रे जपणाऱ्या या शहरात, कोणत्या गिरणीचे रंगाचे पाणी कोठे मुरवले जात होते, याचा एकही नकाशा मला मिळाला नव्हता.

ज्या यंत्रांसाठी आम्ही जमीन तपासत होतो, ती यंत्रे धातूचा भाग मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आत कापतात, आणि मोजमापाचे यंत्र त्याहूनही बारीक फरक पकडते. अशा यंत्राखालची जमीन फुगून चालत नाही, खचून चालत नाही आणि हादरूनही चालत नाही. सोलापूरची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. त्यामुळे ती काढून, मुरूम आणि मांजऱ्या (मुरुमाखालचा अर्धवट झिजलेला मऊ खडक) ओलांडून पाया काळ्या पाषाणापर्यंत न्यावा लागतो. शिवाय गिरणीच्या मागून रेल्वेची मुख्य लाइन जाते.

तपासणीसाठी खणलेल्या पहिल्या दोन खड्ड्यांत अपेक्षेप्रमाणे सारे मिळाले: वर भराव, मग सव्वा मीटर काळी माती, त्याखाली पिवळसर मुरूम. तिसरा खड्डा निळ्या दालनाच्या बरोबर मध्यभागी होता. जेसीबीच्या बादलीतून दोन मीटरवर कोळशाची राख निघाली, अडीच मीटरवर विटांचे तुकडे निघाले आणि तीन मीटरवर जे आले, त्याला माती म्हणणे कठीण होते. ते काळेनिळे, चिकट आणि लोण्यासारखे मऊ होते, मे महिन्यातही ओले होते. सडक्या अंड्यांचा वास आला आणि काही क्षणांत तो कमी झाल्यासारखा वाटला. नमुना अखंड ठोकळ्याच्या स्वरूपात काढायचा असल्याने आमचा एक तरुण कामगार शिडी लावून खाली उतरू लागला.

गिरणीच्या चाळीतील चार-पाच निवृत्त मंडळी सकाळपासून भिंतीच्या सावलीत बसून आमचे काम पाहत होती. त्यांतील सर्वांत वयस्कर गृहस्थ, ज्यांना सगळे मामा म्हणत होते, एकदम उठले आणि काठी उगारून ओरडले, “ताई, त्या पोराला आधी वर घ्या!” मुलगा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होता. का, असे मी विचारले नाही. त्यांचा आवाज विचारण्यासारखा नव्हता. मी हाक मारली, मिस्त्रींनी त्याचा दंड धरला आणि तो वर आला.

वायू मोजण्याचे उपकरण गाडीत होते. ते खड्ड्यापाशी असायला हवे होते आणि पहिल्या दोन खड्ड्यांत काही न सापडल्याने मीच ते आणायला सांगितले नव्हते, हे मी त्या दिवसाच्या नोंदवहीत लिहून ठेवले आहे. दोरीला बांधून ते खाली सोडले, तेव्हा तळाशी पोहोचण्याआधीच त्याचा इशारा वाजू लागला आणि तळाशी हायड्रोजन सल्फाइडचा आकडा शंभर पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या, पुढे गेला. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्याच्या बुडाशी साठतो, आणि याच पातळीच्या आसपास तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास कमी झाला असे आम्हाला वाटले, त्याचे हेही एक कारण असू शकते. पुस्तकात मी हे वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते.

मामांनी ते पुस्तकाविना सांगितले. ते रंगखात्यात होते. “हितं सल्फर काळ्याचा हौद होता,” ते म्हणाले. “वास येतो तवर माणूस सावध असतो. वास गेला की धोका.” सल्फर काळा हा स्वस्त आणि पक्का रंग, तो सुताला चढवण्यासाठी सोडियम सल्फाइड लागते. वापरलेले पाणी हौदात सोडत, गाळ खाली बसे, आणि गिरणी बंद झाल्यावर त्या हौदावर बॉयलरची राख व पडक्या भिंतींच्या विटा लोटून जागा सपाट करण्यात आली. वरून पाहणाऱ्याला ते एक चांगले मोकळे मैदान दिसत होते, आणि आराखडा करणाऱ्यांनाही ते तसेच दिसले होते.

खड्ड्याभोवती दोर बांधून काम थांबवले. ऊन चढू लागले होते. मी मामांना नकाशा दाखवला आणि आवारात सर्वांत घट्ट जागा कोणती, असे विचारले. त्यांनी नकाशाकडे फारसे पाहिले नाही. ते मला मागच्या बाजूला, करवतीच्या दात्यांसारख्या छपराच्या शेडच्या टोकाला, बाभळी माजलेल्या एका पडक्या खोलीत घेऊन गेले. ते इंजिनघर होते. वीज येण्यापूर्वी एकच वाफेचे इंजिन जाड सुती दोरांवरून गिरणीतले सगळे शाफ्ट फिरवत असे, आणि मामांचे वडील तेथे तेलवाले होते. इंजिन केव्हाच भंगारात गेले, पण त्याचा घडीव दगडांचा चौथरा कोणालाच फोडता आला नव्हता. त्यावर रुपया उभा ठेवला तरी पडत नसे, असे वडील सांगत, हेही मामांनी सांगितले. रुपयाची गोष्ट बहुतेक प्रत्येक गिरणीत सांगतात, म्हणून मी ती अहवालात घेतली नाही.

चौथऱ्यात मात्र आम्ही त्याच दुपारी छिद्र घेतले. सव्वातीन मीटरपर्यंत चुन्यात बसवलेला दगड आणि त्याखाली थेट अभंग काळा पाषाण मिळाला. ज्यांनी तो चौथरा बांधला, त्यांनी काळी माती, मुरूम आणि मांजऱ्या सगळे बाजूला सारून इंजिन खडकावर बसवले होते. पुढच्या आठवड्यात कंपने मोजली, तेव्हा मालगाडी जाताना तिसऱ्या खड्ड्याजवळच्या भरावावर जो हादरा नोंदला गेला, त्याचा अगदी थोडा अंश चौथऱ्यावर उमटला. जुन्या दगडावर नवे यंत्र थेट बसवावे, असे मी म्हणणार नाही. त्यासाठी भोवती फट सोडून स्वतंत्र काँक्रीटचा ठोकळा हवाच. पण मोजमापाच्या प्रयोगशाळेसाठी त्या आवारात याहून चांगली जागा नव्हती. प्रयोगशाळा वर्षभर २० अंश सेल्सिअसवर ठेवावी लागते आणि सोलापूरचा पारा उन्हाळ्यात चाळिशी सहज ओलांडतो, हे लक्षात घेता इंजिनघराच्या हातभर जाड भिंतीही उपयोगाच्या होत्या.

सुधारित आराखड्यात हिरवा रंग मागे गेला, निळा त्याच्या शेजारी सरकला आणि दर्शनी भागात एक राखाडी चौकोन आला. त्या चौकोनावरून तीन बैठका झाल्या. गाळ उकरून घातक कचऱ्याच्या केंद्रावर पाठवायचा, की जागीच बंदिस्त करून वर काहीही बांधायचे नाही, हा वाद खर्चाचा होता आणि तो अजून मिटलेला नाही. औद्योगिक उद्यानात पहिल्यांदा कोणता उद्योग येणार, यावरही मते वेगळी आहेत. सोलापुरात बनलेले कॅमशाफ्ट परदेशी मोटारींत बसतात, त्यामुळे अचूक कामाची सवय या गावाला नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. तरी मला वाटते की, सुरुवात टॉवेलच्या मागांना लागणाऱ्या सुट्या भागांपासून व्हावी, कारण त्यांचे गिऱ्हाईक चालत येण्याच्या अंतरावर आहे.

त्या मंगळवारी संध्याकाळी निघताना मी मामांना दिवसाचे मानधन देऊ केले. त्यांनी पैसे मागे सारले आणि हजेरी लावा म्हणाले. मी हजेरीपत्रकात त्यांचे नाव लिहिले, पूर्ण दिवस भरला आणि पैसेही घ्यायला लावले. महिनाअखेरीस आमच्या लेखा विभागाने विचारले की, हा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, कारण ‘तज्ज्ञ सल्ला’ या शीर्षाला पदवीची प्रत जोडावी लागते. दोनदा पत्रव्यवहार झाला. अखेर तो ‘झुडपे तोडणे व जागा साफ करणे’ यात दाखवण्यात आला.