मुंग्या

अक्रातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये डिजिटल करायला येणाऱ्या कॅसेटी बहुतेक अंत्यविधींच्या असतात. घानात अंत्यविधी म्हणजे शनिवारचा मोठा सोहळा. मांडव, गाणीबजावणी, खुर्च्यांच्या रांगा, आणि शूटिंगवाला तर हवाच. सिनेमाची कॅसेट क्वचित येते. म्हणून एक बाई वडिलांच्या सात व्हीएचएस तांदळाच्या पोत्यात घालून घेऊन आल्या, तेव्हा मी जरा जास्तच खूश झालो. तेच नडलं.

सातही कॅसेटींना बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर रिळावर पांढरी साय धरलेली. अशी कॅसेट थेट मशीनमध्ये ढकलणारा माणूस माझ्या लेखी गुन्हेगार आहे, आणि असे गुन्हेगार याच गल्लीत दोन दुकानं उघडून बसलेत. मशीनमधला ड्रम मिनिटाला 1500 फेरे घेतो. त्यात बुरशी अडकली की टेप वाचणारं हेड गेलं, आणि व्हीसीआर बनवणारा शेवटचा कारखाना 2016 सालीच थांबला. त्यामुळे पाच स्क्रू काढायचे, रिळं धुतलेल्या शेलमध्ये, म्हणजे कॅसेटच्या कवचात बसवायची, आणि अडीचशे मीटर टेप अल्कोहोल लावलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडातून हळूहळू ओढायची. एका कॅसेटला दोन दुपारी जातात. गिऱ्हाईक विचारतं, "नुसती चालवून रेकॉर्ड करायची, त्याला एवढे पैसे?"

बाईंचे वडील, आम्ही सगळे त्यांना बॉस म्हणायचो, तिसऱ्या दिवसापासून स्वतःच येऊन बसू लागले. ऐंशीच्या आसपासचे. 31 डिसेंबर 1981 च्या लष्करी उठावानंतर रात्रीची संचारबंदी लागली, थिएटरचे रात्रीचे खेळ बुडाले. परकीय चलन नव्हतं, मग फिल्मची रिळं कुठून येणार? त्या काळात बॉसनी चार बाकं, एक टीव्ही आणि एक व्हीसीआर मांडून दिवसा व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली. मी नाशिकला गणपतीत भाड्याचा व्हीसीआर आणि तीन कॅसेटींवर जागवलेल्या रात्री सांगितल्या तर ते म्हणाले, "तीनच? आम्ही पाच दाखवायचो."

मग 1987 मध्ये विल्यम अकुफो यांचा 'झिनाबू' हा सिनेमा आला. गरीब मेकॅनिक, त्याला श्रीमंती देऊ करणारी चेटकीण, आणि सगळं व्हीएचएसवर चित्रित केलेलं. अकुफो काही कुठल्या फिल्मशाळेतून आलेले नव्हते, ते परदेशी सिनेमे आणून दाखवण्याच्या धंद्यातले. नायजेरियाचा जो व्हिडिओ सिनेमा जगभर गाजला त्याची सुरुवात 1992 ची धरतात, म्हणजे घानाचे लोक पाच वर्षं आधी. हे इथल्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला सांगा, भाडं कमी होतं. सरकारी फिल्म महामंडळातले शिकलेले लोक मात्र व्हिडिओवाल्यांकडे नाक मुरडून बघत. पुढे 1996 साली त्याच महामंडळाचा 70 टक्के हिस्सा मलेशियाच्या कंपनीला विकला गेला. बॉस हे सांगताना हसले नाहीत.

'झिनाबू' पाहून बॉसनी लग्न-अंत्यविधींचा कॅमेरा सिनेमाला लावला. कपडे नटांचे स्वतःचे, घर मेव्हण्याचं, पोस्टर पिठाच्या पोत्यावर रंगवलेलं. कॅसेटी ऑपेरा स्क्वेअरच्या बाजारात विकायच्या, आणि व्हॅनमध्ये टीव्ही आणि जनरेटर टाकून गावोगाव फिरायचं.

आता माझी करामत. चौथ्या कॅसेटमध्ये एक मेलेली बाई नवऱ्याला छळायला येते. सहा ठिकाणी चित्र अचानक फाटायचं, पडदाभर मुंग्या, मग चित्र गोल फिरून जागेवर. प्रत्येक वेळी पाऊण सेकंद, म्हणजे अठरा-वीस फ्रेम. टाइम बेस करेक्टर नावाच्या यंत्राने चित्र स्थिर झालं, पण मुंग्या उरल्या. दुसरी प्रत लावली, तिच्यातही तिथेच. तिथे मला थांबायला हवं होतं. दोन प्रतींत एकाच जागी दोष असेल तर तो मूळ कॅसेटमध्येच असतो, एवढं मला कळलं. मूळ कॅसेटमध्ये तो का असेल, हे मी विचारलं नाही. रात्री दोनपर्यंत बसून आजूबाजूच्या फ्रेमवरून सगळ्या जागा भरून काढल्या. इतकं स्वच्छ काम की सकाळी पोराला बोलावून दाखवलं.

बॉसनी पाहिलं. थोडं मागं घ्यायला लावलं. परत पाहिलं.

"ती आली कुठून?"

"कोण?"

"भूत. तिचं दार कुठं गेलं?"

ते दार म्हणजे मुंग्या. दोन व्हीसीआर जोडून संकलन करायचे तेव्हा एकावर सीन चालू ठेवून त्याच्या ट्रॅकिंगची, म्हणजे चित्र जुळवायची चकती बोटाने पिळायची, चित्र फाटतं, तेवढं दुसऱ्या मशीनवर रेकॉर्ड करायचं, आणि फाटलेल्या चित्राच्या पलीकडून बाई येते. "गावात बाया किंचाळून बाकांखाली जायच्या," बॉस म्हणाले, "आणि तू ते पुसलंस?" रागावले नव्हते. मुलीलाच जास्त वाईट वाटलं. ती म्हणाली, "डॅडी, सहा जागांचं बिल लावलंय हो यांनी."

बिलातून रक्कम काढली. दुरुस्तीआधीची कच्ची फाईल होती म्हणून वाचलो. पण गेल्या दोन वर्षांत मी अशा अकरा सिनेमांच्या कॅसेटी 'दुरुस्त' करून परत दिल्यात, आणि त्यातल्या नऊंच्या कच्च्या फाईली डिस्क भरली म्हणून उडवल्यात. साठवणुकीचे पैसे गिऱ्हाईक देत नाही आणि मालक नवी डिस्क घेत नाही. त्यांत कुठे काय पुसलं, ते आता आठवायचा प्रयत्न करतोय. एका सिनेमातली आभाळात चमकणारी वीज मी काढल्याचं पक्कं आठवतंय.

मुंग्या परत बसवल्या तेव्हा बॉस चष्मा लावून शेजारी बसले, एकेक जागा तपासत. पहिली त्यांची. दुसरी, तिसरी त्यांची. चौथी पाहून म्हणाले, "ही माझी नाही, ही मूळ कॅसेटचीच बुरशी. काढ." पाचवी त्यांची. सहावी त्यांनी चार वेळा फिरवून पाहिली. बोटं हवेत चकती पिळत होती.

"आठवत नाही," शेवटी म्हणाले. "राहू दे. तिथंही कुणीतरी किंचाळलं असेल."