पोळ्याचा बैल, दिवाळीची गवळण आणि एकास साठ

मिनी म्हणजे टेबलावरच्या खेळात मोहरा म्हणून ठेवायची छोटी आकृती. तिच्या डब्यावर '२८ मिमी' छापलेलं असतं, पण ते कुठून कुठवर धरायचं हे कुणी सांगत नाही. मी जळगाव एमआयडीसीत टूलरूमला साचे बनवतो. आमच्याकडे ड्रॉइंगवर असं लटकतं माप आलं तर पहिला चहा यायच्या आत भांडण होतं. मिनीवाल्यांच्यात मात्र चालतं. कोणी तळपायापासून टाळूपर्यंत मोजतं, कोणी डोळ्यांपर्यंत. मला डोळ्यांचं माप पटतं. टोप असो, शिंगं असोत, जटा असोत, डोळे आपल्या जागी असतात. फक्त बेसची, म्हणजे पायाखालच्या चकतीची, जाडी वगळून व्हर्नियर लावायचा, आणि आकृती वाकून उभी असेल तर पाय-मांडी-धड असं तुकड्यांत मोजायचं.

आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळाचा, फड रविवारी दुपारी बसतो. डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, मी. खेळायला भाचा, एक वकील मित्र, वहिनी आणि धुळ्याहून येणारा मावसभाऊ. वहिनी खेळात क्लेरिक, म्हणजे मंत्राने जखमा भरणाऱ्या पुजारी, आहेत आणि सगळ्यांना तंबी देऊन मगच बरं करतात. नकाशावर एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट. पाच फुटांत साठ इंच, म्हणजे स्केल झालं एकास साठ. माझं सगळं म्हणणं या एका आकड्यावर उभं आहे. डब्यावर काय छापलंय ते सोडा, आकृती मोजा आणि साठने गुणा.

गुणलं की गमती कळतात. सहा फुटी माणूस साडेतीस मिलिमीटरचा हवा. डोळ्यांपर्यंत २८ असलेली आकृती टाळूपर्यंत तिशीच्या आसपास भरते, म्हणजे ठीक. पण हल्ली ३२ मिमीचा माल जास्त येतो, आणि तेही डोळ्यांपर्यंत असतील तर तो योद्धा पावणेसात फुटांचा होतो. आधी २५ होते, मग २८ झाले, आता ३२. मोठ्या आकृतीवर नक्षी जास्त बसते आणि ती दुकानात उठून दिसते, म्हणून प्रत्येक जण थोडं थोडं वाढवत गेला. त्यात 'हिरोइक' नावाची घडण. खरा माणूस आपल्या डोक्याच्या साडेसात पट उंच असतो, हे पठ्ठे पाच-सहा पटच, आणि हात खलबत्त्यासारखे. पूर्वी धातूत ओतताना बारीक मनगटं मोडायची, शिवाय हातभर लांबून चेहरा दिसायला हवा, म्हणून हे आलं. मला ही घडण फारशी आवडत नाही, पण अख्खी टोळी हिरोइक असेल तर डोळा सरावतो. नाजूक घडणीचा, टोकदार कानांचा एल्फ आणि हिरोइक मानवी योद्धा शेजारी ठेवले, की दोघांची उंची मिलिमीटरला जुळूनही एक जण चुकीचा वाटतो. म्हणून खेळाडूंच्या आकृत्या शक्यतो एकाच घराण्यातल्या घ्याव्यात.

आता खानदेशात मिळतं काय? तयार मिनी ऑनलाइन मागवावी लागते आणि एका ओग्रच्या, म्हणजे दांडग्या राक्षसाच्या, पैशात घरचा आठवड्याचा भाजीपाला येतो. म्हणून आधी बाजार बघितला. प्लास्टिकच्या सैनिकांचं पाकीट मिळतं, त्यातला शिपाई साधारण ५४ मिलिमीटरचा. साठने गुणा, साडेदहा फूट! माणूस म्हणून बाद, पण ओग्र म्हणून चोख. बंदूक कापून हातात काडीचा सोटा चिकटवला, हिरवट रंग दिला, दोन इंचांच्या बेसवर उभा केला, काम झालं. मावसभावाने पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाला, "हाऊ राक्षस शे का राक्षसना पोऱ्या?" पण त्याच्याच बार्बेरियनला, म्हणजे रानटी योद्ध्याला, पहिला फटका बसल्यावर गप्प झाला.

आर्किटेक्टची पोरं मॉडेलवर चिकटवतात ती प्लास्टिकची माणसंही पुण्याहून मागवली. ती एकास पन्नास, एकास पंच्याहत्तर आणि एकास शंभर अशी मिळतात. पन्नासचा माणूस ३६ मिलिमीटर, पंच्याहत्तरचा २४. आम्हाला पाहिजे तो नेमका मधला. पंच्याहत्तरवाली मी गावकरी म्हणून वापरतो, मागच्या रांगेत. एकाच्या हातात ऑफिसची बॅग आहे, तो आमच्या गावाचा सावकार.

बुटकी आकृती उंच करता येते. पायाखाली कॉर्कचा तुकडा, त्याला दगडाचा रंग, दोन मिलिमीटर फुकटात मिळाले. उंच आकृती बुटकी होत नाही, तिला सरळ गोलायथ, म्हणजे खेळातला धिप्पाड माणूस, करून टाका. आणि माणूस अर्धा केला की हाफलिंग, म्हणजे खेळातला बुटका माणूस, झाला, असं समजू नका. उंची तीन फूट म्हणून पंधरा मिलिमीटर बरोबर येते, पण डोकं मुगाएवढं आणि भाला सुईसारखा दिसतो.

थ्रीडी प्रिंटिंगमध्ये हाच घोळ होतो. एका ओळखीच्या पोराकडे रेझिनचा, म्हणजे पातळ प्लास्टिक थराथराने घट्ट करणारा, प्रिंटर आहे. फाइल ३२ ची असते, ती २८ वर आणायला ८७.५ टक्के करायची. पण बेससकट केली तर २५ मिमीचा बेस बावीसच्या खाली येतो. बेस आधी वेगळा काढायचा. भाल्याची काठीही त्याच प्रमाणात बारीक होते आणि रेझिन ठिसूळ, त्यामुळे काठी काढून पितळी तार बसवायची. उलट २८ ची आकृती ३२ केली तर रेझिन जवळजवळ दीडपट लागतं, कारण वाढ तिन्ही बाजूंनी होते. तो पोरगा पैसे रेझिनवर घेतो, म्हणून हे सांगितलं.

मऊ प्लास्टिकच्या मिनीचं आपल्याकडे वेगळंच दुखणं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकतो, डबा बंद गाडीत राहिला की तलवारी वाकतात. उकळत्या पाण्यात बुडवून सरळ करायच्या, तशाच धरून गार पाण्यात सोडायच्या. चहाचं पातेलं घ्यायचं नाही. आमच्या घरी यावर निकाल लागलेला आहे.

राक्षसांच्या बाबतीत मात्र मी अजिबात कडक नाही. माणूस, घोडा, दरवाजा यांची मापं आपल्या डोळ्यात बसलेली असतात, आउलबेअर, म्हणजे घुबडतोंड्या अस्वल, कुणी बघितलाय? गॅरी गायगॅक्सने १९७४ साली डेव्ह आर्नेसनसोबत हा खेळ काढला, त्यातले आउलबेअर आणि लोखंडाला गंज चढवणारा रस्ट मॉन्स्टर हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांवरूनच सुचलेले. मग मी पोळ्याचा बैल का सोडू? खेळात गॉर्गन म्हणजे लोखंडी खवल्यांचा बैल, ज्याच्या श्वासाने माणूस दगड होतो. त्याला दोन इंच बाय दोन इंच जागा लागते. पोळ्याच्या बाजारात मातीचा बरोबर त्या बेतातला बैल मिळाला. आईची एकच अट होती, पुजलेली जोडी नाही द्यायची. मग तिसरा वेगळा घेतला, काळा रंगवला, शिंगांना पत्र्याच्या पट्ट्या लावल्या.

दिवाळीच्या किल्ल्याचे मातीचे मावळे तीन इंचांचे असतात, म्हणजे पंधरा फूट, जवळपास हिल जायंट, म्हणजे डोंगरी राक्षस. पण मावळ्याला राक्षस करायला हात धजत नाही. त्याच टोपलीत डोक्यावर मडकं घेतलेली गवळण होती, ती आणली. साडी तशीच ठेवली, फक्त दोन सुळे काढले आणि तीन इंचांच्या बेसवर उभी केली. गेल्या रविवारी ती टेकडीवरून उतरली तेव्हा मी इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईत आधी कोण हे ठरवायचा फासा, टाकायला सांगत होतो. वहिनींनी हात वर करून मला थांबवलं आणि तिला विचारलं, "दूध काय भाव दिलं ताई?" वकील पुढचा तासभर उधारीवर घासाघीस करत होता.