पसंतीक्रम भरण्याआधी

शनिवार, रात्री

एमबीबीएसच्या प्रवेशासाठी महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायला तीनच दिवस उरले आहेत. नीट या प्रवेशपरीक्षेतले माझे गुण असे सीमारेषेवरचे आहेत की शासकीय महाविद्यालयात जागा मिळेल असे छातीठोकपणे म्हणता येत नाही आणि आशा सोडून द्यावी असेही नाही. खासगी महाविद्यालयात मात्र ती बहुतेक मिळेल. तेव्हा यादीत खासगी महाविद्यालयांची नावे घालायची की नाहीत, हे मला ठरवायचे आहे. या प्रश्नाचा अभ्यासाशी आता काही संबंध उरलेला नाही, तो पूर्णपणे पैशांचा आहे. चार दिवस मनात घोळत असलेले आकडे आज वहीत उतरवायला बसलो, कारण मनातल्या मनात ते दर वेळी माझ्या सोयीने लहान होतात.

मी २८ वर्षांचा आहे. बी.फार्म. झाल्यावर एक वर्ष औषधांच्या घाऊक दुकानात काढले आणि गेली पावणेपाच वर्षे एका खासगी रुग्णालयाच्या औषध विभागात आहे. पत्नी करवीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मुलगा दोन वर्षांचा आहे. वयाची आडकाठी आता राहिलेली नाही, कारण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये नीटची कमाल वयोमर्यादा काढून टाकली. पण दार उघडे असले तरी उंबरठा तेवढाच उंच आहे. बी.फार्म.ला चार वर्षे औषधशास्त्र शिकलो म्हणून एमबीबीएसचा एक दिवसही कमी होत नाही. बारावी होऊन आलेल्या मुलांच्या शेजारी बसून साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) पूर्ण करावीच लागते. माझी एक वर्गमैत्रीण इंग्लंडमध्ये असते. तिकडे पदवीधरांसाठी चार वर्षांचा वेगळा वैद्यकीय अभ्यासक्रम आहे, त्याच्या पहिल्या वर्षाच्या शुल्काचा एक हिस्सा विद्यार्थ्याने स्वतः भरायचा आणि उरलेल्यासाठी सरकारी कर्ज मिळते, दुसऱ्या वर्षापासून तिथली सरकारी आरोग्यसेवा शुल्काला हातभार लावते, असे तिने सांगितले. दुसऱ्यांदा शिकू पाहणाऱ्या माणसाचा तिथे कुणीतरी आधीच विचार करून ठेवला आहे, हे ऐकून थोडे वाईट वाटले. आपल्याकडे दुसरी पदवी हा ज्याचा त्याचा खासगी मामला मानला जातो.

हे सगळे सुरू कुठून झाले, तेही लिहून ठेवतो. रात्रपाळीला खिडकीवर चिठ्ठी येते, मी बिल करतो, आणि बिलाचा आकडा ऐकून समोरचा माणूस हळूच विचारतो, "यातलं कुठलं आत्ता नाही घेतलं तर चालंल?" हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल याची मोजदाद नाही. औषध काय आहे, ते कशावर चालते आणि कशाबरोबर देऊ नये, हे मला ठाऊक असते. पण त्या रुग्णाला ते आज टाळता येईल का, हे सांगण्याचे ज्ञान आणि अधिकार दोन्ही माझ्याकडे नसतात. मी वरच्या मजल्यावर फोन लावतो, डॉक्टर कामात असतात, आणि तो माणूस तोवर अर्धीच औषधे घेऊन गेलेला असतो. खिडकीच्या अलीकडे उभे राहून हा प्रश्न ऐकणे मला असह्य होत गेले. तिसऱ्या प्रयत्नात हे गुण मिळाले, ते नोकरी सांभाळून, रात्रपाळीच्या मधल्या दोन तासांत पुस्तक उघडून.

आता आकडे.

शासकीय महाविद्यालयाचे शुल्क वर्षाला सुमारे दीड लाख धरले, तर साडेचार वर्षांचे ६ लाख ७५ हजार होतात. खासगीचे वर्षाला ९ लाख धरले. काही ठिकाणी याहून कमी आहे, काही ठिकाणी पुष्कळ जास्त. तेच साडेचार वर्षांचे ४० लाख ५० हजार. लोक इथेच थांबतात आणि शुल्कालाच खर्च समजतात. पहिल्या पदवीच्या वेळी ते खरेही होते, कारण अठराव्या वर्षी माझ्या पगारावर कुणाचे घर चालत नव्हते. आज मला दरमहा २६ हजार मिळतात. तासिकांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती सक्तीची असल्यामुळे नोकरी करत एमबीबीएस होणे शक्य नाही. म्हणजे ५४ महिन्यांचे १४ लाख ४ हजार रुपये घरात येणार नाहीत. आंतरवासितांचे विद्यावेतन राज्य सरकारने २०२४ मध्ये ११ हजारांवरून १८ हजार केले, हे चांगलेच झाले; तरीही त्या वर्षी महिन्याला ८ हजारांची तूट राहते, तिचे ९६ हजार. बेरीज केली तर बरोबर १५ लाख आली. शासकीय जागा मिळाली तरी माझ्या शिक्षणातला सर्वांत मोठा खर्च हा न येणारा पगारच आहे, शुल्काच्या दुपटीहून जास्त, आणि तो भागवणार आहे माझी पत्नी. कोणत्याही पावतीवर तिचे नाव येणार नाही.

रविवार, दुपारी

सकाळी गावी जाऊन आलो. वडिलांना, म्हणजे आबांना, खासगीचा आकडा सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "जमीन काय मी वर घिऊन जाणार हाय व्हय? लाव बँकेला." दीड एकर ऊस आहे आमचा, पाण्याखालचा, आणि आज त्याला भावही मोठा आहे. त्यांच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला होता.

त्यांना मी सावकाश समजावून सांगितले, कारण शुक्रवारी बँकेतल्या अधिकाऱ्यांनी मला तितक्याच सावकाशीने समजावून सांगितले होते. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत सहसा तारणाशिवाय मिळते, त्यापुढे तारण लागते. पण कर्ज थकले तर तारण ताब्यात घेण्यासाठी बँका ज्या कायद्याचा आधार घेतात, तो २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणून चाळीस लाखांच्या शैक्षणिक कर्जासाठी त्यांना सातबारा नको असतो, बिनशेती प्लॉट किंवा शहरातले घर हवे असते. गावातले आमचे घर गावठाणात आहे, त्याची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) अजून झालेली नाही, ग्रामपंचायतीचा उतारा तेवढा आहे. थोडक्यात, ज्या जमिनीवर आमची तीन पिढ्यांची पत उभी आहे, ती या कामी उपयोगाची नाही. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग वैरण टाकायला उठून गेले. मला खरे सांगायचे तर सुटल्यासारखे वाटले. सातबाऱ्यावर माझ्या दुसऱ्या पदवीचा बोजा चढलेला मला बघवला नसता. पण आबांच्या चेहऱ्याकडे पाहून हे त्यांना सांगण्याचे धैर्य झाले नाही.

परत येताना कोल्हापुरात दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी सिग्नलला थांबलो होतो. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी पहिले वसतिगृह आणि पाठोपाठ वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे महाराजांनी याच गावात उभी केली, कारण खेड्यातले पोर शाळेच्या फीपेक्षा राहण्या-जेवण्याच्या खर्चाला हरते, हे त्यांना ठाऊक होते. राज्याच्या शिक्षण शुल्क सवलतीच्या योजनेला त्यांचेच नाव आहे. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या विद्यार्थ्याला तिच्यातून निम्मे शुल्क मिळते. माझा आणि पत्नीचा पगार मिळून ८ लाख ६४ हजार होतात. मी नोकरी सोडली की हा आकडा एकदम साडेपाच लाखांवर येईल, पण तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो. म्हणजे जो पगार यापुढे येणार नाही, तोच पहिल्या वर्षी माझ्या आड येणार. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आईवडिलांच्या मिळकतीवर शिकणारा मुलगा होता, स्वतःचा पगार सोडून शिकायला निघालेला बाप नव्हता. त्यात कुणाचा दोष आहे असे मला वाटत नाही; पण हा नियम बदलायला हवा, असे मात्र मनापासून वाटते.

रविवार, रात्री उशिरा

दोन गोष्टी दुपारी लिहायच्या टाळल्या होत्या.

पहिली. गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या औषध दुकानदारांनी सुचवले की, "कॉलेजला खुशाल जा, सर्टिफिकेट तेवढं आमच्या दुकानाला लावा, महिन्याला सात हजार घरपोच मिळतील." असे करणारे लोक आहेत, हे या धंद्यात कुणापासून लपलेले नाही. दुकानात नोंदणीकृत औषधनिर्माता हजर असला पाहिजे आणि औषध त्याच्या हातून किंवा त्याच्या देखरेखीखाली दिले गेले पाहिजे, यासाठी कायद्याने माझ्या नावाला किंमत दिली आहे. साडेचार वर्षांत सात हजारांनी पावणेचार लाखांच्या वर रक्कम होते. शासकीय महाविद्यालयाचे अर्ध्याहून अधिक शुल्क त्यात भागले असते. मी नाही म्हणालो. खिडकीवरच्या ज्या प्रश्नामुळे मी डॉक्टर व्हायला निघालो, त्या खिडकीत माझ्या नावाखाली न शिकलेला माणूस उभा करून मिळालेले पैसे त्याच शिक्षणाला लावणे मला जमले नसते.

दुसरी गोष्ट सोन्याची. बी.फार्म.च्या पहिल्या वर्षी उसाचे बिल उशिरा आले आणि फीची तारीख जवळ आली, तेव्हा आईने गुजरीत, सराफ बाजारात, जाऊन तिच्या पाटल्या मोडल्या. गहाण ठेवू या, असे आबा म्हणत होते. सोडवायला पुन्हा पैसे कुठून येणार, असे म्हणून तिने त्या मोडल्याच. त्यानंतर तिच्या हातात पाटल्या आल्या नाहीत. आता पत्नी म्हणते, "बँकेचं व्याज कशाला, माझं सोनं ठेवा." मी तिला म्हणालो की एकाच घरातल्या दोन बायकांचे दागिने माझ्या दोन पदव्यांत जावेत, हे मला चालणार नाही. त्यावर ती जे बोलली ते तसेच्या तसे लिहून ठेवतो: "अहो, आईंच्या पाटल्यांचं मला सांगू नका. त्या तुम्हाला विचारून मोडल्या नव्हत्या. मी तुम्हाला विचारतेय, आणि तुम्ही माझ्या वतीनं नाही म्हणताय." मला उत्तर सुचले नाही. तिचे म्हणणे खरे आहे. तरीही सोने घ्यायचे नाही यावर मी ठाम आहे. फक्त ते तिच्या भल्यासाठी आहे, असे मी आता म्हणत नाही. ते माझ्या मनाच्या स्वस्थतेसाठी आहे.

भविष्य निर्वाह निधीत दीड लाखाच्या आसपास रक्कम आहे. पाच वर्षांची सलग नोकरी पुरी होण्याआधी ती काढली तर करपात्र ठरते, आणि माझे तीन महिने कमी पडतात. तिला हात लावायचा नाही, असे ठरवले.

मंगळवार, रात्री

खासगी महाविद्यालयाचे गणित काल एकदाचे शेवटपर्यंत मांडले. शुल्काचे हप्ते दरवर्षी बँक भरत जाईल, अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष मुद्दलाची फेड नाही, पण व्याज चढत राहते. दहा टक्के सरळ व्याज धरले तरी फेड सुरू होईपर्यंत साडेचाळीस लाखांचे साठ लाखांच्या घरात जातात. पुढे पंधरा वर्षे दरमहा सुमारे ६४ हजारांचा हप्ता. व्याजावर प्राप्तिकरात सूट मिळते, पण ती आठच वर्षे, आणि जुनी करप्रणाली निवडली तरच. पहिला हप्ता मी पस्तिशीत देईन, शेवटचा पन्नाशीला टेकल्यावर. या आकड्यांपेक्षा एका वेगळ्या आकड्याने माझा निर्णय झाला. सोळा वर्षांनी माझा मुलगा १८ वर्षांचा होईल आणि त्याच्या पहिल्या पदवीचे पैसे भरायची वेळ येईल, तेव्हा मी माझ्या दुसऱ्या पदवीचे हप्ते भरत असेन, आणि ते संपायला आणखी पाच वर्षे असतील. शिवाय दरमहा ६४ हजार देणे असलेला डॉक्टर रुग्णाला चिठ्ठी लिहिताना कशाचा विचार करतो, हे मी खिडकीच्या अलीकडून पाहिले आहे. त्या माणसाला मी नावे ठेवत नाही, पण तो माणूस मला व्हायचे नाही.

शासकीय जागेचे तेच गणित फार वेगळे आहे. पावणेसात लाखांचे कर्ज तारणाशिवाय मिळते, व्याजासह ते दहा लाखांच्या आत राहते आणि सात वर्षांत फेडायचे म्हटले तर साडेसोळा हजारांचा हप्ता बसतो. पदवीनंतर एक वर्ष शासनाच्या सेवेचे बंधन आहे. अनेकांना ते ओझे वाटते, मला ते हवेच आहे, कारण त्या वर्षी पगारही मिळेल आणि मी तालुक्याच्या गावी काम करू शकेन.

यादीत पहिले नाव कोल्हापूरचे घातले, घरून जाता येते आणि वसतिगृहाचा खर्च वाचतो म्हणून. मग मिरज, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, आणि नंतर उरलेली सगळी शासकीय महाविद्यालये, अगदी विदर्भातलीसुद्धा. खासगी एकही नाही. या वर्षी जागा मिळाली नाही तर नोकरी न सोडता आणखी एकदा परीक्षा देईन, आणि त्यानंतर नाही. हे पत्नीला सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, "विदर्भात मिळालं तर पोराला मी एकटी सांभाळू शकेन, असं धरलंय का?" मी तिला न विचारताच तसे धरले होते. मग आम्ही दोघे साडेअकरापर्यंत यादीवर बसलो. लांबची चार नावे तिने काढायला लावली, दोन परत घालायला लावली. मग तिच्यासमोरच यादी प्रवेशासाठी सादर केली.

उद्या करवीर तहसील कार्यालयात गॅपचे प्रतिज्ञापत्र करायला जायचे आहे. बारावीनंतरच्या दहा वर्षांत काय केले, ते एका परिच्छेदात लिहून द्यावे लागते. कच्चा मजकूर आत्ताच तयार केला: चार वर्षे औषधनिर्माणशास्त्राची पदवी, त्यानंतर सलग नोकरी, या काळात अन्य कोणत्याही अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेला नाही. पत्नीने तो वाचून एक वेलांटी दुरुस्त केली आणि सकाळी जाताना आधार कार्डाच्या दोन प्रती जास्त न्या, म्हणजे खेप पडणार नाही, असे सांगून ती झोपायला गेली.