नरकचतुर्दशीची नववी इनिंग

31 ऑक्टोबर 2024. पुण्यात नरकचतुर्दशीची पहाट, न्यूयॉर्कला अजून 30 तारखेची रात्र. यांकी स्टेडियमवर वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पाचवा सामना होता, न्यूयॉर्क यांकीज विरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स, आणि माझी शिफ्ट. घरूनच करते मी हे काम. बेसबॉलचा व्हिडिओ बघत प्रत्येक चेंडूची नोंद करायची: कुठल्या प्रकारचा, प्लेटवरून (बॅटरसमोरची पाटी) कुठून गेला, पुढे काय झालं. कंटाळवाणं वाटेल, पण पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, नस यातच कळते.

"अगं, उजाडलं! आंघोळीआधी सूर्य उगवला तर नरकात जातात," आई दारातून म्हणाली. तेव्हा डॉजर्स 0-5 असे मागे होते.

मग पाचवी इनिंग (सामन्यातल्या नऊ डावांपैकी एक) आली. यांकीजच्या ॲरन जजच्या हातून सोपा झेल सुटला, वोल्पीची फेक चुकली. डॉजर्सच्या बेट्सचा घरंगळता चेंडू यांकीजच्या रिझोने अडवला, पण त्यांचा पिचर कोल त्याला बाद करायला पहिल्या बेसवर धावलाच नाही. माझ्या फॉर्ममध्ये 'धावला नाही' असा पर्यायच नसतो. पाच रन गेले आणि आधीच्या त्या चुकांमुळे, नियमाप्रमाणे, त्यातला एकही कोलच्या सरासरीत धरला गेला नाही!

याच्या उलट डॉजर्सचा पिचर वॉकर ब्युलर, त्याचे आकडे वाईटच दिसायचे. कोपरावर दुसऱ्यांदा टॉमी जॉन शस्त्रक्रिया झालेली (तुटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरीकडचा टेंडन बसवतात), जवळपास दोन वर्षं मैदानाबाहेर. मे महिन्यात परतला आणि त्या मोसमात 1 विजय, 6 पराभव. सरासरीत धरलेले रन नऊ इनिंगमागे 5.38. त्याचे सामने वाट्याला आले की माझा फॉर्म हिट्सनी भरून जायचा. प्लेऑफमध्येही (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) सॅन डिएगोत एकाच इनिंगमध्ये सहा रन दिले. पण पुढे न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाविरुद्ध, मेट्सविरुद्ध, चार इनिंग कोऱ्या (एकही रन नाही), आणि 28 ऑक्टोबरला याच मैदानावर पाच.

स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) एवढं टाकल्यावर चार-पाच दिवस हाताला विश्रांती देतो. इथे एकच दिवस मधे गेला होता. डॉजर्स 7-6 ने पुढे होते, बुलपेन, म्हणजे राखीव पिचरची जागा, जवळजवळ रिकामं. नवव्या, शेवटच्या इनिंगला दार उघडलं आणि ब्युलर बाहेर आला. मी आईला "दहा मिनिटं" म्हटलं. उटण्याची वाटी घेऊन तीच शेजारी बसली.

यांकीजचा वोल्पी ग्राउंडआउट (जमिनीवरून गेलेल्या चेंडूवर बाद). वेल्स स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). समोर वर्दुगो, एकेकाळचा डॉजर्सचाच, बेट्सच्या बदल्यात बॉस्टनला गेलेला. शेवटी नकल-कर्व्ह (अचानक खाली वळणारा चेंडू) पडला, बॅट हवेत फिरली. डॉजर्स विजेते. "झालं?" आईने विचारलं. कसलं झालं, आख्ख्या सामन्याची फेरतपासणी बाकी होती.

नंतर ब्युलर बॉस्टनकडे गेला. ऑगस्ट 2025 मध्ये त्यांनी त्याला मोकळं केलं, तेव्हा आमच्या टीममधल्या एकाने लिहिलं, "बघ, तुक्का होता." मी त्याला मेट्सविरुद्धच्या चार आणि यांकी स्टेडियमवरच्या सहा इनिंगच्या नोंदी पाठवल्या. तुक्का सलग दहा इनिंग चालत नाही.