बुलेट ३५० कास्ट आयर्न: गरम झाल्यावर न उतरणारी रेस

गाडीचा मिककार्ब व्हीएम२४ कार्बोरेटर अखेर वठणीवर आला. फ्लोट नीडल आणि सीट बदलल्यावर ओव्हरफ्लो थांबला, हे मागच्या नोंदीत आलंच आहे. मूळ दुखणं मात्र तसंच होतं. थंड इंजिन चोकवर पहिल्या-दुसऱ्या किकला चालू, स्लो (मूठ सोडल्यावरची संथ चाल) स्थिर. आठ-दहा किलोमीटर झाले की सिग्नलला मूठ सोडूनही रेस वरच टांगलेली. स्टॉप स्क्रूने ती उतरवली, तर सकाळी थंड इंजिन स्लोवर टिकत नाही. उतारावर मूठ बंद केली की सायलेन्सरमध्ये फटाके. शिवाय स्लोचं हवा-पेट्रोल मिश्रण जमवणारा एअर स्क्रू अर्धा फेरा उघडा असो वा तीन, इंजिनला त्याचा पत्ताच नाही.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर तपासून झाले होते: पुशरॉड बोटांनी सहज फिरतात, वर-खाली खेळ नाही. थ्रॉटल केबलला २-३ मिमी ढील आहे आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलं तरी रेस बदलत नाही. स्लोला पेट्रोल देणारा पायलट जेट काढून उजेडात धरला, भोक स्वच्छ गोल दिसलं. स्लाइडखालच्या (मुठीने वर-खाली होणाऱ्या झडपेखालच्या) पायलटच्या बारीक भोकात वायरमधली तांब्याची एकच तार फिरवली. तिथे पोलादी तार किंवा सुई कधीही घालू नये, भोक मोठं झालं की कार्बोरेटर कायमचा बिघडतो. एअर स्क्रूच्या वाटेने कार्ब क्लीनर मारला की तो या भोकातून बारीक धारेत यायला हवा, आणि तसा येत होता. म्हणजे पायलट सर्किट निर्दोष.

उलगडा चोकने केला. रेस टांगलेली असताना चोक थोडा उघडायचा. व्हीएममधला चोक हवा अडवत नाही, तो स्वतंत्र वाटेने जादा पेट्रोल सोडतो. चोक देताच रेस खाली बसली, तर मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे, हे नक्की. पायलट साफ असूनही लीन, म्हणजे कार्बोरेटरच्या पुढे कुठेतरी हवा ओढली जातेय. स्प्रे बाटलीने नुसत्या पाण्याचा बारीक फवारा फ्लँजच्या (कार्बोरेटर हेडकडे नटांनी बसतो त्या सपाट तोंडाच्या) कडेला मारला, तेव्हा खालच्या बाजूला रेस लगेच बदलली. यासाठी क्लीनर वापरू नका. तापलेल्या हेडजवळ ते पेट घेतं.

कार्बोरेटर काढून फ्लँजवर पोलादी पट्टी आडवी ठेवली. दोन्ही कानांवर (नटांच्या टोकांवर) पट्टी टेकते आणि मधे ०.२० मिमीचं फीलर पान सरळ आत जातं. या गाड्यांचा हा जुना रोग. फ्लँजच्या खाचेतली रबरी ओ-रिंग गरजेपेक्षा जाड असते, ती फ्लँजला मधोमध टेकू देते आणि नट आवळणारा दोन्ही कान हेडकडे ओढत राहतो. मिश्रधातू मऊ, तो वाकतो. थंड असताना रिंग कशीबशी झाकून घेते, पण तापल्यावर कडक झालेली रिंग त्या पोकळीत पुरी पडत नाही. म्हणूनच त्रास फक्त गरम इंजिनला.

दुरुस्ती सोपी आहे, घाई मात्र चालत नाही. जेट, फ्लोट, स्लाइड सगळं काढून बॉडी मोकळी करावी. जाड सपाट काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर पसरून साबणाचं पाणी टाकावं आणि फ्लँज इंग्रजी आठच्या आकारात फिरवावा. आधी तोंडावर मार्करने रेघा माराव्यात. सगळ्या पुसल्या गेल्या की तोंड सपाट झालं, मग ८०० नंबरने शेवटचा हात. मधला बेकेलाइटचा स्पेसरही दोन्ही बाजूंनी तपासावा, तोही वाकतो.

आता खरी मेख. घासल्यामुळे ओ-रिंगची खाच तेवढीच उथळ होते. जुन्याच जाडीची रिंग बसवली तर ती आणखी वर येते आणि फ्लँज पुन्हा वाकवते. रिंग खाचेतून आपल्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकीच वर दिसावी. २.५ मिमीच्या रिंगला खाच साधारण १.९ ते २ मिमी हवी. रिपेअर किटमधल्या काळ्या रिंगांवर माझा विश्वास नाही: जाडी एकसारखी नसते आणि इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये त्या फुगतात. हायड्रॉलिक सीलच्या दुकानातून मापाची व्हिटॉन (इंधनाला टिकणाऱ्या रबराची) रिंग घ्यावी. नट आळीपाळीने, पाव-पाव फेरा, आखूड पान्याने. स्प्रिंग वॉशर सपाट झाला की थांबायचं.

निकाल: एअर स्क्रू जिवंत झाला! आत घेतला की इंजिन जड होतं, बाहेर काढला की अडखळतं, आणि मधे दीड फेऱ्यावर तो खोल, सुटा सुटा ठोका. ही गाडी ज्यासाठी पाळायची, तो हाच आवाज. फटाकेही जवळजवळ गेले.

पुढचा बेत ई२० पेट्रोलसाठी मेन जेट (जास्त मुठीला पेट्रोल देणारा) एका नंबरने वाढवायचा होता. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला पूर्ण जळायला हवेच्या मानाने इंधनाचं प्रमाण जास्त लागतं (१४.७ ऐवजी साधारण १३.५ भाग हवेला एक भाग), त्यामुळे जुनं जेटिंग आपोआप लीन पडतं. पण त्यातला निम्मा लीनपणा बहुधा या गळतीचाच होता. म्हणून आधी नीडलची क्लिप एक खाच खाली, म्हणजे नीडल वर आणि मधल्या मुठीला पेट्रोल जास्त. पाऊण मुठीवर प्लग चॉप (चालत्या गाडीत इंजिन एकदम बंद करून प्लग काढून पाहणं), आणि प्लगचा रंग पाहून मगच जेट.

हे लिहिताना एक गोष्ट लक्षात येतेय. खूप तापल्यावर रेस अजून किंचित उशिरा उतरते, आणि आता चोक दिला तरी फरक पडत नाही. म्हणजे हा उरलेला भाग कार्बोरेटरचा नाही. संशय इग्निशनच्या पॉइंटमागच्या ऑटो अ‍ॅडव्हान्सच्या (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या वजनांच्या) स्प्रिंगांवर: त्या ढिल्या पडल्या की वजनं परत मिटत नाहीत आणि स्लोवरही टायमिंग पुढेच राहतं. तेव्हा नीडलच्या क्लिपचं काम थांबेल. आधी पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, स्ट्रोब दिवा लावून स्लोची टायमिंगची खूण, गरज पडली तर दोन्ही स्प्रिंगा जोडीनेच नव्या. टायमिंग पक्कं झाल्याशिवाय प्लगचा रंग वाचण्यात अर्थ नाही.